हिवाळी हॉपी बिअर : चवीच्या नोंदी

१५ नोव्हेंबर

प्रकल्प असा आहे: एकच बिअर हिवाळाभर चाखायची आणि तिच्यात काय काय बदलतं ते लिहून ठेवायचं. बिअर ठरली सिएरा नेवाडा या अमेरिकन ब्रुअरीची सेलिब्रेशन. ६.८ टक्के अल्कोहोल, ६५ आयबीयू (कडूपणाचं माप), वर्षातून एकदाच येणारी, तीही थंडीच्या तोंडावर. हिवाळी बिअर म्हटली की दालचिनी, जायफळ घातलेली गोडसर, गडद बिअर डोळ्यांसमोर येते. हिच्यात मसाला नावालाही नाही. जी काय करामत आहे ती हॉप्सची, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांची. मग हिला हिवाळी का म्हणायचं, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न दादाने उभा केला. त्याचं ठाम मत आहे की ही बिअर घेतल्या घेतल्या पिऊ नये. "दोन महिने राहू दे कपाटात. कडूपणा मुरतो, मग खरी चव लागते." मला हे पटत नाही, पण नुसता वाद घालण्यात अर्थ नाही. बघू या करून.

मांडणी: सगळ्या बाटल्या एकाच खोक्यातल्या, भरल्याची तारीख सगळ्यांवर एकच. अर्ध्या फ्रिजमध्ये, ३ ते ४ अंशांवर. अर्ध्या कपाटात, अंधारात. तिथला थर्मामीटर २४ ते २६ च्या दरम्यान असतो. नोंदीच्या तक्त्यात रंग, फेस, वास, चव, तोंडातला भार आणि मागे रेंगाळणारी चव असे रकाने. एका वेळी माणशी १०० मिलीच्या वर ओतायचं नाही. तिसऱ्या ग्लासानंतर लिहिलेल्या कुठल्याही टिपणावर माझा विश्वास नाही, माझ्या स्वतःच्या तर नाहीच.

२२ नोव्हेंबर

पहिली चव. बाटली फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवली, १० अंशांवर ओतली.

रंग तांब्याचा, उजेडात धरल्यावर कडेने नारिंगी. फेस दोन बोटं, पांढरा नाही, मळकट हस्तिदंती. हळूहळू बसतो आणि प्रत्येक घोटानंतर काचेवर एक कडं सोडून जातो. अर्धा ग्लास संपल्यावर आतल्या बाजूला कड्यांची जाळी दिसत होती. ही जाळी हॉप्सच्या कडू द्रव्यांची आणि माल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या, प्रथिनांची मिळून होते. म्हणजे कडू बिअरचा फेस टिकतो, हा योगायोग नाही. अट एकच: ग्लासाला तेलाचा किंवा साबणाचा अंश नको. तसा तो असला की फेस फार टिकत नाही.

वास: आधी ग्रेपफ्रूटची साल. साल नखाने खरवडली की हवेत जो तेलकट फवारा उडतो, तो. त्याच्या मागून राळ. सगळ्यात शेवटी, ग्लास हातात थोडा तापल्यावर, पावाची भाजलेली कड आणि टॉफी. वहिनी बिअर पीत नाहीत, पण घरात सगळ्यांत तल्लख नाक त्यांचं, म्हणून वास घेण्यापुरतं त्यांना प्रकल्पात ओढलं आहे. त्यांनी ग्लास नाकाजवळ नेला आणि लगेच म्हणाल्या, "पेन्सिलीला नुकतं टोक काढलंय असं वाटतं." तक्त्यात मी "पाइन, लाकूड" असं लिहिलं होतं. ते खोडून वहिनींचं वाक्य घातलं.

घोट घेतल्यावरचा क्रम महत्त्वाचा. जिभेवर आधी माल्टची गोडी येते, पण ती क्षणभरच. कडूपणा तेव्हा नसतोच म्हटलं तरी चालेल. गिळल्यानंतर तो चढायला लागतो, दहाएक सेकंदांनी सगळ्यात वर जातो, आणि मग बराच वेळ हलत नाही. त्याला शेवटी किंचित तुरटपणाची कड आहे. म्हणूनच पहिल्या घोटावर कडूपणाचे गुण द्यायचे नाहीत असं ठरवलं. तिसऱ्या घोटापर्यंत तो एकावर एक साचत जातो, खरा अंदाज तेव्हाच येतो. दोन ग्लासांमध्ये पाणी आणि साधा पाव.

दादा कडूपणा "जिभेच्या मागच्या भागावर" शोधत बसला होता. जिभेचा तो नकाशा, पुढे गोड आणि मागे कडू, शाळेत सगळ्यांनी काढलेला असतो. त्याचं मूळ १९०१ च्या एका जर्मन शोधनिबंधात आहे. पुढे त्यातल्या आकृतीचा सोयीस्कर अर्थ लावला गेला आणि नकाशा रूढ झाला. प्रत्यक्षात कडू चव ओळखणारे रिसेप्टर जिभेवर सगळीकडे विखुरलेले असतात, माणसात त्यांचे सुमारे २५ प्रकार आहेत.

२९ नोव्हेंबर

तापमान. चार ग्लास: ४, ८, १२ आणि १८ अंश.

४ अंशांवर ही बिअर उगाचच बदनाम होईल. वास जवळजवळ बंद, गोडी दबलेली, वायूची चुणचुण तेवढी जोरात. सोबतीला कोणीच नसल्यामुळे कडूपणा एकटाच पुढे येतो. "हॉपी बिअर मला झेपत नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांनी ती अशीच, बर्फात बुडवलेली, प्यायलेली असते असा माझा संशय आहे.

८ वर सालीचा वास उघडतो. १२ वर माल्ट आणि हॉप्स बरोबरीने येतात, फेसही अजून शाबूत असतो. १८ वर अल्कोहोल नाकात जाणवतं, टॉफी जड होते, वायू भराभर निघून जातो. दादाला १८ चा ग्लास आवडला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पुढच्या सगळ्या चवी १० अंशांवर. विषय संपला.

६ डिसेंबर

आज बिअर नाही, नुसते हॉप्स. ओळखीतल्या एकाने वाळवलेल्या अख्ख्या हॉप्सची छोटी पाकिटं दिली: कॅस्केड, सेंटेनियल आणि चिनूक. सेलिब्रेशनमध्ये हेच तीन असतात.

हॉप म्हणजे वेलीचं मादी फूल, कागदी पाकळ्यांचा हिरवा शंकू. वजन जवळजवळ नाहीच. एक फूल उभं चिरलं. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळीधमक भुकटी दिसते, ती ल्युप्युलिन. सगळा ऐवज त्या भुकटीत आहे: कडूपणा देणारी आम्लंही आणि वासाची तेलंही. फूल तळहातांमध्ये जोरात चोळायचं आणि लगेच ओंजळीत नाक घालायचं. बिअर करणारेही हॉप्स असेच पारखतात. कॅस्केड चोळल्यावर ग्रेपफ्रूट आणि फुलं. सेंटेनियल त्याच घराण्यातला, पण लिंबाकडे झुकणारा आणि दाट. चिनूकने मात्र हात चिकट झाले, आणि वहिनी दुसऱ्या खोलीतून म्हणाल्या, "आली बघा पेन्सिल." म्हणजे तो वास चिनूकचा. हात दोनदा साबणाने धुतले तरी चिकटपणा जाईना. जिभेवर एक पाकळी ठेवून पाहिली. ती चव दोन तास गेली नाही, पुन्हा करणार नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. उत्तर गोलार्धात हॉप्सची तोडणी ऑगस्टअखेरीला सुरू होते आणि सप्टेंबरभर चालते. ताज्या फुलात सुमारे ८० टक्के पाणी असतं, त्यामुळे काही तासांतच ती भट्टीवर पसरून पाणी दहा टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळवावी लागतात. मग ती दाबून, गाठोडी बांधून थंड कोठारात जातात आणि वर्षभर वापरली जातात. थंडीत ठेवली तरी तेलं आणि आम्लं हळूहळू कमी होत राहतात. या बिअरसाठी मात्र हंगामातले पहिले वाळवलेले हॉप्स थेट काहिलीत जातात. आंबणं आणि मुरणं यांना आठवडे लागतात, म्हणून तयार बिअर येते ती थंडीच्या सुरुवातीला. लेबलवर ताज्या हॉप्सचा उल्लेख आहे तो या अर्थाने. ओले, न वाळवलेले हॉप्स एका दिवसाच्या आत वापरून केलेली बिअर हा वेगळा प्रकार, दोन्हींची गल्लत होते.

थोडा इतिहास, कारण दादाने विचारला. अमेरिकेत दरवर्षी नाताळची खास बिअर काढायचा पायंडा सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ मध्ये पाडला. ते दरवर्षी पाककृती बदलत आणि लेबलवर नवं झाड छापत. सेलिब्रेशन १९८१ ची, कॅलिफोर्नियातल्या चिको गावातली. कॅस्केड तेव्हा अवघ्या नऊ वर्षांचा होता. १९७२ मध्ये तो लागवडीसाठी खुला झाला. चिनूक १९८५ चा आणि सेंटेनियल १९९० चा, म्हणजे आजचं त्रिकूट पहिल्या वर्षी जमणं शक्यच नव्हतं.

१३ डिसेंबर

प्रकाशाची परीक्षा. हॉप्सवाल्या बिअरचा सगळ्यात मोठा शत्रू ऊन, असं वाचलेलं असतं. आज नाकाने पाहिलं.

एकाच बाटलीतली बिअर दोन स्वच्छ काचेच्या ग्लासांत ओतली. एकाला खालीवर ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळला, दुसरा उघडा, वर फक्त बशी. दोन्ही शेजारी शेजारी उन्हात. वीस मिनिटं.

कागदातली बिअर कोमट झाली, थोडी मलूल झाली, बाकी तीच. उघड्या ग्लासावरची बशी उचलली आणि वहिनी मागे सरकल्या. "हे काय ठेवलंय?" जळकं रबर, त्यात काहीतरी उग्र, जनावराचं. सालीचा वास त्याच्याखाली पार गाडला गेला होता.

घडतं ते असं: कडू आयसो-अल्फा आम्लांचा एक तुकडा प्रकाशाने तुटतो. बिअरमधलं रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व ब२, प्रकाश शोषून ही तोडफोड घडवून आणतं. तुटलेला तुकडा गंधकाशी जोडला जातो आणि एक थायॉल (उग्र वासाचं गंधकी संयुग) तयार होतो. तो नाकाला इतका झोंबतो की लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी फारसा नाही, पारदर्शक जवळपास नाहीच. बाटली तपकिरी होती म्हणून आपण निर्धास्त असतो, पण बिअर ग्लासात ओतली की ते कवच संपलं. उन्हात बसून हॉपी बिअर निवांत पिण्याची कल्पना या ग्लासाने माझ्यापुरती मोडीत काढली.

२० डिसेंबर

सर्दी. नाक पूर्ण बंद. चव रद्द करणार होतो, पण दादा म्हणाला, "आता तर घ्यायलाच हवी." बरोबर होतं त्याचं. बिअरमध्ये राहिलं काय: थोडी गोडी, पुष्कळ कडूपणा, चुणचुण, घशात ऊब. ग्रेपफ्रूट नाही, राळ नाही, टॉफीसुद्धा नाही. ज्याला आपण या बिअरची चव म्हणतो तिचा बहुतेक भाग घशामागून नाकात जाणाऱ्या वासाचा आहे. तक्त्यात "गोड, कडू, गरम" एवढंच लिहिलं. हे पान जपून ठेवायचं, कपाटातल्या बाटल्या उघडताना लागेल.

१० जानेवारी

मुख्य परीक्षा. फ्रिजची बाटली विरुद्ध कपाटाची बाटली, दोन्हींना आठ आठवडे झाले.

पद्धत त्रिकोणी. प्रत्येकासमोर तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचं. ग्लासांवर तीन आकडी क्रमांक, कारण क, ख, ग लिहिलं की माणसं पहिल्याला झुकतं माप देतात. कपाटातली बाटली आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवली होती, तापमान दोन्हींचं १०. रंगात किंचित फरक वाटला म्हणून खोलीतला उजेड अगदी मंद केला. ओतणारा मी, त्यामुळे चाखण्यातून बाद. चाखणारे सहा: दादा, चार मित्रमैत्रिणी, आणि वहिनी, ज्या फक्त वास घेणार होत्या. नुसत्या अंदाजाने तिघांत एक बरोबर येतो, म्हणून आधीच ठरवलं की सहापैकी निदान पाच जणांनी ओळखलं तरच फरक आहे असं मानायचं. चौघांवर मी मानलं नसतं. सहापैकी चार किंवा जास्त बरोबर येणं दहातल्या एका वेळी नशिबानेही होतं. पाच किंवा जास्त यायची शक्यता मात्र दोन टक्क्यांहूनही कमी.

पाच जणांनी ओळखलं. वहिनींनी सगळ्यांच्या आधी, वासावरच.

पण मजा पुढे आहे. ओळखून झाल्यावर वहिनी सोडून प्रत्येकाला दोन्ही बिअरच्या कडूपणाला आणि गोडीला शून्य ते दहा गुण द्यायला सांगितले, कुठली कुठे होती ते न सांगता. कडूपणाच्या गुणांत फरक नगण्य, दोघांनी तर कपाटातलीच जास्त कडू ठरवली. गोडीत मात्र कपाटातली सगळ्यांकडेच वर. वासाच्या रकान्यात तिला "मध", "मनुका", "ओला पुठ्ठा", एकाने नुसतंच "जुनं" असे शब्द आले. सालीचा उल्लेख एकाचाही नाही. फ्रिजमधलीला तो सगळ्यांचा.

दादा खूश. "बघ, गोडी आली की नाही?"

११ जानेवारी

गोडी खरंच आली का, हे हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या तरंगणीने कळतं; साखर जास्त तर आकडा मोठा. दोन्ही बिअर भांड्यातून भांड्यात ओतून, ढवळून वायू पूर्ण घालवला. बुडबुडे तरंगणीला चिकटले की ती वर उचलली जाते आणि आकडा फसवा येतो. २० अंशांवर आणून तरंगणी सोडली. फ्रिज: १.०१६. कपाट: १.०१६. डोळा रेषेच्या पातळीत आणून पुन्हा वाचलं. तेच.

साखर वाढलेली नाही, वाढणारही कुठून? कडूपणाही चाखणाऱ्यांच्या लेखी जिथल्या तिथे आहे. मग गोडी आली कशी? सर्दीचं पान काढलं. साल आणि राळ यांचा वास मेंदूला सतत "कडू, ताजं" सांगत असतो. तो विरला की तीच गोडी उघडी पडते, आणि जिथे हॉप्स होते तिथे मध आणि मनुका येऊन बसतात, म्हणून ती वाढल्यासारखी वाटते. कडूपणा मुरलेला नाही. त्याच्या सोबतचा वास निघून गेला आहे.

३१ जानेवारी

कपाटात काय घडत होतं, त्याचा ताळा.

भरताना बाटलीत शिरलेला थोडासा ऑक्सिजन पुरेसा असतो. हॉप्सची तेलं आधी जातात. काही रूप बदलतात, काही बुचाच्या आतल्या अस्तरात शोषली जातात. माल्टकडून मध आणि मनुकांच्या अंगाचे वास तयार होतात. पुठ्ठ्याच्या वासासाठी ट्रान्स-२-नोनेनालचं नाव घेतलं जातं. कडू आम्लंही मोडतात, पण वासाइतक्या लगबगीने नाही, आणि उरलेला कडूपणा जास्त खरखरीत लागतो. त्या दोघांनी कपाटातलीला जास्त कडू म्हटलं ते यामुळे असावं.

या सगळ्याला गती उष्णता देते. बिअरच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब चालतो: ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस, म्हातारपण साधारण सारखंच. त्या मापाने कपाटातल्या बाटलीने दोन महिन्यांत फ्रिजमधल्या दीड वर्षाहून जास्त वय गाठलं. हिशेब काटेकोर नाही, पण आमच्या ग्लासांशी जुळतो.

दादाला हे सगळं वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे मला जुनी बिअर आवडते, एवढंच ना? आवडते." यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि असायची गरजही नाही. १८ अंशांचा ग्लासही त्यालाच आवडला होता. त्याला माल्ट हवा असतो, हॉप्सची अडचण होते. मी त्याला म्हटलं, मग बार्लीवाइन किंवा इम्पिरियल स्टाउट ठेव कपाटात. त्यांत माल्टच नायक असतो, अल्कोहोल दहाच्या आसपास, ती वर्षानुवर्षं बदलत जातात आणि त्या बदलात काहीतरी मिळतं. सेलिब्रेशनमध्ये जे आधी जातं त्यासाठीच तर ती तोडणीनंतर इतक्या घाईने केलेली असते.

१४ फेब्रुवारी

फ्रिजमधली एक बाटली उघडली. साल आहे, नोव्हेंबरइतकी मोकळी नाही असं वाटलं. पण तीन महिन्यांपूर्वीच्या वासाची आठवण हा पुरावा नव्हे, म्हणून तक्त्यात फक्त "साल: आहे". फेस, जाळी, रंग पूर्वीसारखेच. राळ आता सालीच्या पुढे आली आहे. वहिनींनी पेन्सिल ओळखली.

पुढच्या हंगामासाठी बदल: कपाटाऐवजी दोन वेगळी तापमानं ठेवायची, १२ आणि २५, म्हणजे वास कुठल्या वेगाने जातो त्याचा अंदाज येईल. चाखणारे बारा हवेत, मग आठ बरोबर आले तरी फरक मानता येईल. कडूपणाचा रकाना दोन भागांत तोडायचा, किती कडू आणि किती खरखरीत. पाकिटातले उरलेले हॉप्स हवा काढून फ्रीजरमध्ये टाकले आहेत, वर्षाने तळहातावर चोळून यंदाच्या टिपणांशी ताडून पाहायला.

कपाटात उरलेल्या बाटल्यांवर दादाने स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवली आहे. त्या प्रकल्पातून वगळल्या.